खर्चाचे बदललेले स्वरूप

बँकेच्या त्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, असे श्रीकृष्णराव स्वतःला सांगत. खरे तर महिनाभर ते रोज लिहायला बसत आणि रोज उठत. ‘आपल्या खर्चाच्या बदललेल्या स्वरूपामुळे’ बँकेने त्यांच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा नव्वद हजारांवरून पंधरावर आणली होती. वर व्याजही वाढवले. बिल भरायला एक दिवसही उशीर केलेला माणूस नव्हे तो.

यवतमाळच्या शाखेतली गुंजन म्हणाली होती, “काका, हे मशीन ठरवते. दर एकवीस दिवसांनी नागपूरचं कॅन्सरच्या औषधांचं दुकान दिसते. त्याच्यावरून त्याला वाटते, हा ग्राहक आता…” पोरीने जीभ चावली. “तुम्ही लिहून द्या न, औषधं बंद झाली म्हणून. मर्यादा परत वाढते बरेचदा.”

औषधे समोरच्या घरातल्या लीलाबाईंची होती. त्यांचा मुलगा कपिल राजूरला कोळशाच्या खाणीत. पगार दहा तारखेला. इंजेक्शन काही दहा तारीख बघत नसे. म्हणून बावीस हजार आधी श्रीकृष्णरावांच्या कार्डावर पडत आणि मग कपिल पाठवी. मागचे इंजेक्शन त्यांनी आपली ठेव मोडून भागवले होते. आता ठेव उरली नव्हती, आणि पुढची तारीख कपिलच्या पगाराआधीच, आठ दिवसांवर होती.

एका ओळीचे काम. पण ‘औषधे’ लिहून झाले की हात थांबे. सहा वर्षांपूर्वी पत्नीच्या, पद्मजाच्या फाइलवर डॉक्टरांनी हेच, ‘औषधे बंद’, लिहिले होते, आणि त्यानंतर ती अकरा दिवस होती. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढलेला माणूस मी, आणि एका ओळीला भितो, असे त्यांच्या मनात येई.

“काय लिवून राह्यले भाऊ?” लीलाबाई वाटीत वांग्याची भाजी घेऊन दारात उभ्या होत्या. डोक्याला घट्ट रुमाल.

“काही नाही.”

“काही नाही कसं? महिना झाला, त्याच कागदापाशी बसता. प्रेमपत्र हाय का?”

श्रीकृष्णरावांना खोटे नीट जमत नसे. सगळे सांगून टाकले, ठेवीचेही.

लीलाबाई खाली टेकल्या. वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मले काहून नाही सांगतलं?”

“मला ते लिहवत नाही, लीलाबाई. अभद्र वाटतं.”

“वहिनीचं आठवते न?” त्यांनी रुमाल सारखा केला. “लिवा. औषध बंद लिवा, मी मेली लिवा. कागदावर मेल्यानं माणूस थोडीच मरते? इंजेक्शन चुकल्यानं मरते.”

“असं बोलू नका हो.”

“मंग लिवा. मी बसते इथंच.”

त्यांनी लिहिले. एकही खाडाखोड नाही. लीलाबाईंनी कागद ओढून घेतला. चौथीपर्यंत शिकलेल्या, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. ‘बंद’ या शब्दावर बोट जरा थांबले.

“अक्षर सुंदर हाय तुमचं,” त्या म्हणाल्या.

उन्हातून चालत श्रीकृष्णराव पोस्टात गेले. पाकीट पेटीत सोडले. आत पडल्याचा आवाज आला, तरी हात फटीतच राहिला.

“झालं का, आजोबा?” मागच्या माणसाने विचारले.

“हो,” म्हणून ते बाजूला झाले.