काकूंसमोरची फेरी

मी एक रोबो आहे. तीन चाकं, पत्र्याची पाठ आणि पोटाखाली जमिनीकडे बघणारे डोळे. फरशीवर चिकटवलेली काळी पट्टी ओळखायची आणि तिच्यावरून आपलं आपण चालायचं, एवढंच मला येतं. तेवढंही मला करू देत नाहीत, म्हणून बोलायची वेळ आली.

मला इंजिनिअरिंगच्या तिघांनी बनवलं. कॅप्टननं आराखडा काढला, छोटीनं तारा जोडल्या आणि आजोबानं प्रोग्राम लिहून मला चालायला शिकवलं. आजोबा त्यांच्याच वर्गातला. पण प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणार, सावकाश बोलणार, म्हणून हे नाव पडलं.

पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी उलटाच निघालो. कॅप्टन वैतागला, "अरे, हा मागे कुठे चाललाय?"

"कॉलेज बघून घरी निघाला असेल," आजोबा म्हणाला. "तुझ्यावर गेलाय."

जागा बदलली की तो मला आधी पांढऱ्या फरशीवर धरायचा, मग काळ्या पट्टीवर. तिथल्या उजेडात पांढरं कसं दिसतं आणि काळं कसं, हे मला कळू द्यायचा. छोटी हसायची, "झालं का बाळाला जग दाखवून?"

एका सकाळी कॉलेजला येताना त्याला गाडीनं उडवलं. आजोबा गेला.

स्पर्धा तोंडावर आली होती. आमच्या खोलीत पडदे ओढलेले असायचे, स्पर्धेचा हॉल मात्र काचेच्या छताचा. सरावाला कॅप्टननं मला उचललं आणि तिथलं पांढरं-काळं न दाखवता थेट पट्टीवर ठेवलं. त्या झगझगाटात मला काळं-पांढरं सगळं सारखंच. मी भिंतीवर आदळलो.

"प्रोग्राममध्येच घोळ आहे," कॅप्टन म्हणाला.

गेलेल्या माणसावर ढकलणं किती सोपं असतं! तो उलटून बोलत नाही. त्यांनी आजोबाचा प्रोग्राम बंद केला, मला लपवलेल्या फोनवरून चालवलं आणि 'स्वयंचलित' गटातलं पहिलं बक्षीस हसतहसत घेतलं. माझ्या गळ्यात पदक घातलं. गळा मला नाहीच; तारेला अडकवलं.

परवा आजोबाची आई आली.

"त्यानं केलेलं चालताना बघायचं होतं रे. एकदाच."

"खरं सांगून टाकू या," छोटी कुजबुजली.

"वेडी आहेस का? काकूंना काय सांगणार, तुमच्या मुलाचं चाललं नाही?" कॅप्टननं फोन पाठीमागे धरला.

मी फिरलो. वळणाआधी अडखळलो, कारण पाठीमागे त्याचा अंगठा बटण चाचपत होता. काकू फरशीवर बसल्या.

"बघ गं, वळायच्या आधी थांबतो," त्या छोटीला म्हणाल्या. "अगदी त्याच्यासारखा. आधी विचार, मग पाऊल."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या मायेवर कॅप्टनच्या अंगठ्याचा काय हक्क? मला किंचाळायचं होतं. पण माझा भोंगासुद्धा त्याच्याच फोनवर वाजतो.

जाताना काकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्याच्या बाबांना घेऊन येते. ते अजून घराबाहेर पडत नाहीत. हे बघायला येतील."

छोटी, तू मान खाली घातलीस, ते मला कळलं. आजोबाचा प्रोग्राम अजून माझ्या पोटात आहे. बाबा येतील तेव्हा कॅप्टनच्या हातातला फोन काढून घे आणि आधी पांढरं-काळं दाखवून मला सोड. तरी मी चुकेन, धडकेन, कदाचित त्यांच्या पायांशी उलटा पडेन. पडू दे. ते पडणं तरी त्यांच्या मुलाचं असेल.