दोन कार्बोरेटर, एक नळी

“पुस्तकराव, झोपलात काय? पुढचं वाचा.”

भावोजींचा आवाज बॉनेटखालून आला. त्यांचे डोके आणि दोन्ही हात गाडीच्या आत होते, बाहेर दिसत होती ती फक्त खाकी अर्धी चड्डी आणि तिच्या खिशात कोंबलेला फडका. मी गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून गाडीचे दुरुस्तीचे पुस्तक वाचून दाखवत होतो. पुस्तक इंग्रजी; मी बसल्या जागी मराठी करून सांगत असे.

“‘हवेचे दोन्ही पडदे सारखेच उघडतात याची खात्री करून घ्यावी,’” मी वाचले.

“काय?”

“हवेचे दोन्ही पडदे सारखेच—”

“जरा तोंड उघडून वाचा हो. हे वाचनालय नाही.”

छत्तीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काढल्यावर माणसाचा आवाज खालच्या पट्टीतच राहतो. गेले वर्षभर भावोजी मला प्रत्येक वाक्य दोनदा वाचायला लावत होते, त्याचे मला काही विशेष वाटले नव्हते. दोष आपलाच असणार, अशी माझी बहुतेक गोष्टींत समजूत असते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी एकटा माणूस, त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. दर रविवारी सकाळी खालून “पुस्तकराव!” अशी हाक आली की पुस्तक घेऊन उतरायचे, हा वीस वर्षांचा क्रम. मला साधा स्क्रू उजवीकडे फिरवायचा की डावीकडे हे आजही विचार करून ठरवावे लागते. पण त्यांचे काम पाहत बसायला मला फार आवडे.

गाडी साठ वर्षांची. इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, उघड्या टपाची, आणि इतकी बसकी की ताई म्हणते, “हिच्यात बसलं की वाटतं आपण रस्ता पुसायला निघालोय.” भावोजींकडे ती आली त्यांच्या नोकरीमुळे. ते पाणीखात्यात गळती शोधायचे काम करत. हातात एक लांब लोखंडी काठी, वरच्या टोकाला लाकडी वाटी. काठी रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि खाली चार हातांवर गाडलेल्या नळाचा आवाज ऐकायचा. ऐकत ऐकत पुढे जायचे आणि एके ठिकाणी खडूने फुली मारायची. फुलीवर खणले की पाणी लागायचे. खणणारी माणसे त्यांना कानसाहेब म्हणत. कानसाहेबांची फुली असली की दुसरीकडे कुदळ मारायची नाही, असा नियमच होता.

एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या आवारातली फुली नेमकी एका शेडमध्ये आली, आणि शेडमध्ये ही गाडी, चाके जमिनीत रुतलेली. गळती काढायला गाडी हलवावी लागली. डॉक्टर म्हणाले, “आता हलवलीच आहे, तर घेऊनच जा. परत हिला हलवायला कोणी मिळायचं नाही.” चार खेपांमध्ये ती तुकड्यातुकड्यांनी घरी आली आणि उभी राहायला अकरा वर्षे लागली. तिचे सगळे नट इंचाच्या मापाचे, बाजारातला एक पाना धड बसेना. बंद पडलेल्या गिरणीतल्या एका जोडाऱ्याकडून भावोजींनी जुने पाने मिळवले. टपाचे कापड त्यांनी ताईच्या शिलाई मशीनवर शिवले. मशीन मोडले. मग आधी मशीन दुरुस्त केले आणि उरलेला टप शिवला.

गाडीखाली मात्र तेलाचा पत्र्याचा डबा कायम असे. ताई येता-जाता म्हणायची, “सगळ्या गावाची गळती थांबवली या माणसाने, घरातली काही थांबेना.”

“अगं, गळतंय म्हणजे आत तेल आहे,” भावोजी म्हणत. “गळायचं थांबलं की काळजी करायची.”

पण आता काळजीचेच दिवस होते. गेले सहा महिने गाडी सुरू केली की जागच्या जागी लंगडत होती. उभ्या गाडीचे मडगार्ड थरथरे, आरसा कापे, आणि सिग्नलला थांबली की बंद पडे. भावोजींनी प्लग बदलले, वाल्व जुळवले, सगळे वॉशर नवे घातले. या इंजिनाला कार्बोरेटर दोन, एक पुढे, एक मागे, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे. दोघांनी हवा सारखीच ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन लंगडते. ती सारखी आहे की नाही, हे भावोजी हातभर रबरी नळीने ऐकत. एक टोक कानाला, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा सूं असा आवाज येतो. पुढच्याचा ऐकायचा, मागच्याचा ऐकायचा, आणि स्क्रू फिरवून दोन्ही सूं एकसारखे करायचे. लोक यासाठी काट्याचे यंत्र वापरतात. भावोजींना कोणी ते यंत्र सुचवले, तर ते फक्त हसत.

त्या रविवारी त्यांनी बॉनेट लावले आणि हात पुसत म्हणाले, “दोन्ही सारखे लावलेत, तरी लंगडतेय. इंजिन थकलं, पुस्तकराव. मी उगाच छळतोय तिला. त्या दातांच्या डॉक्टरला फोन केलाय. पुढच्या रविवारी अकराला येतो म्हणालाय.”

हा दंतवैद्य जुन्या गाड्या जमवत असे. “तो काय करणार हिचं?”

“हे इंजिन काढून नव्या गाडीचं बसवणार. बाहेरून हीच दिसेल.” तेवढ्यात आत फोन वाजला. ताईने दोनदा हाक मारली, तेव्हा ते गेले.

बॉनेट नुसतेच टेकवलेले होते, इंजिन चालू होते आणि नळी मडगार्डवर पडली होती. मी ती का उचलली हे मला सांगता येणार नाही. वीस वर्षे जे नुसते वाचले, ते एकदा ऐकावेसे वाटले असेल. पुढच्या कार्बोरेटरला नळी लावली. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा बारीक आवाज. मागच्याला लावली, तर नळ सोडल्यासारखा!

माझाच कान बिघडला असेल म्हणून मी दुसऱ्या कानाने ऐकले. तेच. चष्मा काढून ऐकले, जणू चष्म्याने काही फरक पडणार होता. तेच. भावोजींनी आत्ताच सारखे केलेले दोन आवाज कुठल्याही अंगाने सारखे नव्हते.

मग ते परत आले, पुन्हा एकदा तपासू लागले, आणि मी पाहिले. सहा महिन्यांपूर्वी त्यांची कंबर धरली होती. तेव्हापासून त्यांना गाडीवर आडवे होता येत नसे. पुढच्या कार्बोरेटरशी ते सरळ उभे राहत, नळी उजव्या हातात, उजव्या कानाला. मागच्याशी वाकायला उजवा हात टेकावा लागे, म्हणून नळी डाव्या हातात जाई, आणि डाव्या कानाला. डाव्या कानाला मागचा आवाज कमी वाटे. मग तो वाढवायचा.

मी तसाच आत ताईकडे गेलो. ती इस्त्री करत होती.

“ताई, भावोजींना डाव्या कानाने—”

“येत नाही.” तिची इस्त्री थांबली नाही. “दोन वर्षं झाली.”

“तू त्यांना काही बोलली नाहीस?”

“काय बोलू? कानसाहेबाला त्याची बायको सांगणार, तुम्हाला ऐकू येत नाही?”

“पण त्यांना स्वतःला कळत नसेल?”

“कान जरा भरलाय म्हणतात. दोन वर्षं भरलेलाच आहे.”

मी तिला नळीचे सांगितले. तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि शर्टाची बाही हातानेच सारखी करत राहिली.

“म्हणजे इंजिन चांगलं आहे?”

“मला वाटतं, आहे. पण माझं काय, मी—”

“तुझं पुरे रे. गाडी गेली तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, हा विचार मी आठवडाभर करतेय. आणि सांगून गाडी राहिली, पण कान गेला म्हणून हे खचले तर? म्हणून माझी जीभ उचलत नाही. तूच सांग. तू पुस्तक वाचल्यासारखं बोलतोस, तुझं कोणाला लागत नाही.”

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. एकदा कागदावर सगळे लिहून काढले, पण वाचल्यावर ते नोटिशीसारखे वाटले म्हणून फाडले. तीनदा जिना उतरलो. एकदा “काय हो, काही हवंय?” असे त्यांनी विचारले, तर मी काड्यापेटी मागून परत आलो.

रविवार उजाडला. भावोजींनी गाडी धुतली होती, चाकांच्या तारा एकेक करून पुसल्या होत्या. मडगार्डवर चहाचा पेला ठेवलेला, आणि इंजिनाच्या थरथरीने चहावर गोल गोल वळ्या उठत होत्या.

“शेवटचं एकदा जुळवून घेऊ,” ते म्हणाले. “लोकांच्या दारात लंगडत जायला नको ती. वाचा.”

मी वाचू लागलो. पडद्यांचे वाक्य झाले, स्क्रूचे झाले, नळीचे झाले. तिथे परिच्छेद संपत होता. मी थांबलो नाही.

“‘दोन्ही कार्बोरेटर ऐकताना नळी एकाच कानाला लावावी,’” मी वाचले. “‘माणसाचे दोन कान सारखे असतीलच असे नाही.’”

“काय?”

आयुष्यात कधी नव्हे इतक्या मोठ्याने मी ते पुन्हा म्हटले.

भावोजींनी खिशातला फडका काढला आणि सावकाश एकेक बोट पुसले. हे प्रकरण त्यांनी वीस वर्षे ऐकले होते. मी एखादा शब्द चुकलो तर ते बॉनेटखालून दुरुस्त करत.

“कुठल्या पानावर आहे ते?”

“याच.”

“इतकी वर्षं ऐकतोय. आजच आलं.”

“मी गाळत असेन,” मी म्हणालो. “बारीक टाइपात आहे.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी पानाकडे पाहत राहिलो. मग त्यांनी पुढच्या कार्बोरेटरला नळी लावली, उजव्या कानाने ऐकले. मागच्याशी आले. सवयीने नळी डाव्या हातात गेली, कानापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

“पुस्तकराव, जरा धरा मला.”

मी त्यांना कमरेपाशी धरले. उजवा हात नळीत गुंतल्यामुळे त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. त्यांनी उजव्या कानाला नळी लावून ऐकले. मग डाव्या. परत उजव्या. परत डाव्या. रस्त्यावर गळती शोधताना ते असेच काठी थोडी इकडे, थोडी तिकडे करत असतील. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि दिसत नव्हता हे बरे होते. पाठीचा श्वास तेवढा हाताला कळत होता. तो बराच वेळ अडला, मग सुटला.

“स्क्रू ड्रायव्हर,” ते म्हणाले.

दीड फेरा. मग अर्धा. मग केसभर.

इंजिनाचा आवाज खाली उतरत गेला आणि एका जागी बसला. आरसा कापायचा थांबला. पेल्यातल्या चहावर साय धरली होती, ती सपाट झाली. भावोजींनी इंजिनावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. गॅरेजच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिथे भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

दंतवैद्य बरोबर अकराला आला. गोरापान, हसरा, हातात कागदांची फाईल. तो गाडीभोवती एक चक्कर मारून बॉनेटपाशी थांबला.

“तुम्ही तर म्हणालात इंजिन गेलंय. हे तर घड्याळासारखं चाललंय!”

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. मला वाटले, भावोजी म्हणतील, किरकोळ होतं, सापडलं. तसे ते म्हणाले असते तर कोणाचे काही बिघडले नसते.

“मी फोनवर सांगितलं ते चुकीचं होतं,” भावोजी म्हणाले. “इंजिनात काही नाही. माझा डावा कान गेलाय. मला कळलं नाही, आणि सहा महिने मी तिच्यावर आळ घेत होतो. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.”

ट्रेमधले कप एकदा वाजले. दंतवैद्याने फाईल काखेत मारली.

“अहो, मग तर मला ही हवीच!”

“आता नाही मिळायची.”

“बसा तरी,” ताई म्हणाली. “चहा घ्या. यांच्या नादाला लागलेला माणूस रिकाम्या हाताने जातो, पण रिकाम्या पोटी नको.”

तो बसला. माणूस भला होता. जाताना घुटमळून म्हणाला, “माझ्याकडे हिच्याच जातीची एक आहे. दोन कार्बोरेटरची. तीन मेकॅनिक झाले, जुळत नाही. तुम्ही ऐकाल का एकदा?”

“ऐकीन,” भावोजी म्हणाले. “उजव्याने.”

तो गेल्यावर त्यांनी बॉनेट लावले, पाने एकेक करून पेटीत ठेवले. मी पुस्तक घेऊन हळूच जिन्याकडे वळलो.

“पुस्तकराव.”

“हो?”

“ते बारीक टाइपातलं वाक्य आहे ना, ते जरा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा तिथं. मला लागेल.” मग आत वळून म्हणाले, “काय गं, येतेस का? एक चक्कर मारून येऊ.”

“रस्ता पुसायला?” ताई म्हणाली, पण चपला आधीच पायात होत्या.

मी फाटकाशी उभा राहिलो. या गाडीत चालवणारा उजवीकडे बसतो, शेजारचा माणूस त्याच्या डाव्या हाताला. गाडी निघाली. आवाज असा एकसंध की मी तो कान देऊन ऐकत राहिलो. वळणापर्यंत गेल्यावर ताईने त्यांच्याकडे पाहून काहीतरी म्हटलेले मला दिसले. भावोजी पुढेच पाहत होते. तिने परत म्हटले नाही, पदर सावरून समोर पाहू लागली.

तेव्हा गाडी थांबली. भावोजींनी ती कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि त्या अरुंद जागेत धरलेल्या कमरेसकट पुरते वळून आपला उजवा कान ताईकडे केला. ती काय म्हणाली ते इतक्या लांबून मला ऐकू आले नाही. त्यांनी मान हलवली, आणि गाडी वळणाआड गेली.