गोल जिन्याचे अडतीस नकाशे

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत अडतीस नकाशे कसे नाहीसे झाले, कोणत्या मार्गाने परत आले आणि मधल्या काळात एका मनुष्याने आपल्या सख्ख्या मेव्हण्याविषयी मनात काय काय वाईट चिंतिले, याचे यथातथ्य कथन करण्यात येणार आहे. तो मनुष्य म्हणजे मीच होय. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषेत काही उणे आढळल्यास पदरात घ्यावे. हकिगतीत मात्र काही उणे वा अधिक केलेले नाही.

आमचे कार्यालय लोखंडी जिन्यांचे नकाशे काढते. खाली कारखाना, वर दोन खोल्या. एका खोलीत मालकीणबाई बसतात. दुसरीत माझा मेव्हणा काँप्युटरवर नकाशे काढतो आणि मी ते मोठ्या यंत्रावर छापून, घड्या घालून खाली पोहोचवतो. पूर्वी नकाशे शाईने काढले जात, तेव्हा चुकलेली रेघ कागदाला भोक न पाडता ब्लेडने खरवडण्यात माझा हातखंडा होता. त्यावरून मला ब्लेडमास्तर हे नाव पडले. मेव्हण्याला सगळे फर्स्टक्लास म्हणतात, कारण त्याला काहीही विचारा, उत्तर ठरलेले. सहा वर्षांपूर्वी त्याला मीच शब्द देऊन येथे लावले होते.

आमच्याकडे एक नियम आहे. एका नकाशाच्या दोन प्रती जिवंत ठेवायच्या नाहीत. फार पूर्वी कारखान्यातील लोकांनी जुन्या कागदावरून लोखंड कापले आणि जिना वरच्या मजल्यापासून एक पायरी आधीच संपला. तेव्हापासून नवा कागद आला की जुना चार तुकडे करून टोपलीत टाकायचा आणि टोपलीही तत्क्षणी बाहेर रिकामी करायची. न जाणो, कोणी तुकडे जोडून वापरायचा. हे काम सव्वीस वर्षे माझ्याकडे आहे आणि त्यात मी कधी कसूर केलेली नाही.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो.

एका वाचनालयाच्या मनोऱ्यासाठी गोल जिना करावयाचा होता. फर्स्टक्लासने पाच आठवडे खपून त्याचे अडतीस नकाशे पूर्ण केले. सोमवारी दहा वाजता कंत्राटदार ते नेण्यास येणार होता. शुक्रवारी सकाळी मी छपाईचे यंत्र सुरू केले आणि फर्स्टक्लासने पहिला नकाशा उघडावयास घेतला. तो उघडला नाही. दुसराही नाही. काँप्युटरच्या पडद्यावर अडतीस चित्रे ओळीने होती, पण एकाही चित्राच्या पोटात काही नव्हते.

"दाजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला विचित्र वाटला, "सगळं गेलंय."

"फर्स्टक्लास!" मी म्हणालो. हे मी थट्टेने बोललो नव्हतो. तोंडून निघून गेले.

तो एकदम उठला आणि त्याने काँप्युटरची वायरच उपटली. "कोणी हात लावायचा नाही याला. कोणीही नाही!"

वाचकहो, संशयाचे बीज येथे पडले. ज्याचे काही गेले आहे तो शोधाशोध करतो. हा तर शोधण्याचे दारच बंद करीत होता. मग मागच्या गोष्टी माझ्या डोळ्यांपुढे रांगेने उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांपासून तो फोन आला की जिन्यावर जाऊन हळू बोलत असे. मी जवळ गेलो की पडदा भिंतीकडे वळवीत असे. समोरच्या इमारतीत आमच्यासारखेच नकाशांचे कार्यालय आहे, तेथील मनुष्याबरोबर चहा घेताना मी त्याला दोनदा पाहिले होते. आणि त्याच्या किल्ल्यांना एक नवा पेनड्राइव्ह लटकत होता. दोन अधिक दोन चार करण्यास सातवी पुरे होते.

मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सारे ऐकून घेतले.

"चोराच्या मनात चांदणं म्हणतात," त्या फर्स्टक्लासकडे बघत म्हणाल्या. "वायर कशाला उपटलीत?"

"मॅडम, चालू ठेवला तर पुसलेल्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं जातं. डिस्क काढून जाणकाराला दाखवू."

"दाखवा. सोमवारी दहाला नकाशे टेबलावर नसले तर तुम्ही या खुर्चीवर नसाल. आणि बाहेर कोणी विचारलं, तर का काढलं तेही मी सांगेन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ब्लेडमास्तर, तुम्ही सोबत जा. डोळा ठेवा."

घरी पत्नीस हे कळावयास वेळ लागला नाही.

"माझ्या भावावर डोळा ठेवणार तुम्ही?" ती हातातली कणीक तशीच टाकून म्हणाली. "लहानपणी दुसऱ्याची पेन्सिल घरी आली तर तो रडत परत द्यायला जायचा!"

"पेन्सिलीचे सोड. मी त्याच्यासाठी शब्द दिला आहे."

"मग शब्दाला जागा. दिलेला शब्द काय फक्त चांगल्या दिवसांपुरता असतो?"

मी कणीक उचलून तिच्या हाती दिली, पण संशय काही खाली ठेवला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे डिस्कवाल्याकडे गेलो. एका गल्लीच्या टोकाला, शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्याच्या मागल्या खोलीत त्याचे दुकान आहे. त्याला सर्दी झाली होती आणि दर वाक्यानंतर तो नाक पुसत होता. वाटेत डिस्क मी माझ्या मांडीवर धरली होती. फर्स्टक्लासने दोनदा हात पुढे केला. मी दिली नाही.

"काय समजलात दाजी, पळून जाईन मी?" तो हसून म्हणाला. मी हसलो नाही.

डिस्कवाल्याने ती आपल्या यंत्राला जोडली. "वायर उपटली हे चांगलं केलंत. फाइल पुसली म्हणजे गेली असं नसतं. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतलं नाव खोडल्यासारखं आहे. पानं आत तशीच असतात. त्यांच्यावर कोणी दुसरं लिहीपर्यंत."

हे मला तत्काळ पटले. शाई कितीही खरवडली तरी निबाची खाच कागदात राहतेच. तिरप्या उजेडात धरला की दिसते. मात्र वायर उपटणे योग्य ठरले, हे ऐकून माझ्या संशयाचा एक पाय लंगडा झाला.

शोध चार तास चालला. दुपारी डिस्कवाला म्हणाला, "छत्तीस शाबूत आहेत. दोन अर्धवट. नावं मात्र सगळ्यांची गेली, नुसते आकडे उरलेत. आणि ही बघा गंमत. गुरुवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पुसल्यात."

मी खुर्चीवरून उठलोच. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सर्व मंडळी खाली कारखान्यात जेवावयास बसली होती, आणि त्यांत फर्स्टक्लास नव्हता. तो डबा न घेता निघून गेलेला मी स्वतः पाहिला होता.

"एक वाजून वीस मिनिटांनी तू कुठे होतास?" मी विचारले. "डोळ्यांत बघून सांग."

त्याने मान खाली घातली. "समोरच्या ऑफिसात."

"पाहा!"

"मुलाखतीला, दाजी. पाऊण ते दोन. त्यांनी जुनी कामं बघायला मागितली, ती पेनड्राइव्हवर नेली होती. मी सोडून चाललोय. सांगायचं होतं, जीभ रेटेना. सहा वर्षं झाली, इथे मी अजून ब्लेडमास्तरांचा मेव्हणाच आहे. एकदा स्वतःच्या नावानं कुठेतरी बसून बघायचंय."

डिस्कवाल्याला आमच्या घरच्या गोष्टींशी कर्तव्य नव्हते. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "आणखी एक. पुसल्यावर लगेच, त्याच मिनिटाला, कचरापेटीही रिकामी केलीय. असा शिस्तीचा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

वाचकहो, तुकडे टोपलीत टाकून टोपली तत्क्षणी रिकामी करणारा मनुष्य मला ठाऊक होता. गुरुवारी उपवास होता म्हणून मी जेवावयास गेलो नव्हतो. एकटाच वर होतो. काँप्युटरवर पाहतो तो गोल जिन्याचे नकाशे दोन जागी: एकदा पडद्यावर, एकदा आतल्या कप्प्यात. दोन प्रती! नियमाप्रमाणे मी पडद्यावरच्या ठेवल्या आणि आतल्या फाडून टाकल्या. इतक्या सहजपणे, की जेवणानंतर हात धुतलेले जसे कोणी लक्षात ठेवीत नाही, तसे ते मीही ठेवले नाही.

मी हे सर्व अडखळत सांगितले. फर्स्टक्लास खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

"दाजी, पडद्यावरच्या चित्रांना कोपऱ्यात छोटासा बाण होता ना?"

"होता."

"त्या नुसत्या पाट्या हो. 'दवाखाना इकडे आहे' अशी बाणाची पाटी असते ना, तशा. तुम्ही पाटी जपलीत आणि दवाखाना पाडलात!"

डिस्कवाला शिंकता शिंकता हसला. फर्स्टक्लास हसला नाही. "आणि दोन दिवस तुम्ही माझ्यावर..." एवढेच म्हणून तो थांबला.

काम अजून उरले होते. आकड्यांच्या ढिगातून कोणता नकाशा कोणता, हे ओळखावयाचे होते. पायऱ्या तर सगळ्या सारख्याच दिसतात. पण प्रत्येक नकाशाची कच्ची छपाई माझ्याच हातून झाली होती आणि नियमाप्रमाणे माझ्याच हातून फाडलीही गेली होती. डिस्कवाला एकेक उघडी आणि मी सांगे: "ही अकरावी, हिला कठड्याचे भोक डावीकडे आहे. ही बारावी. थांबा, ही बारावी नव्हे, एकोणिसावी. हिच्या कडेला खिडकीसाठी खाच आहे." फर्स्टक्लास नावे लिहीत गेला. एकही चुकले नाही. अर्धवट राहिलेले दोन त्याने रविवारी नव्याने काढले आणि तो दिवसभर मजशी कामापुरतेच बोलला.

सोमवारी पायऱ्या चढताना त्याने मला थांबवले. "मॅडमना सांगू, मशीन बिघडलं होतं. ताईसाठी म्हणतोय. घरातलं घरात राहील."

खरे सांगतो, मोह झाला. सव्वीस वर्षांची अब्रू एका वाक्याने वाचत होती. नकाशे टेबलावर आले, मशीन बिघडल्याचे फर्स्टक्लासने सांगितले आणि मी ते खोडून काढले नाही. कंत्राटदार ते घेऊन गेला. मग फर्स्टक्लासने राजीनाम्याचा कागद पुढे केला.

मालकीणबाईंनी तो वाचला. "अस्सं! मशीन बिघडलं, नकाशे परत आले, आणि हे समोर चालले. मला काय दूधपितं बाळ समजलात? समोरच्यांना आत्ताच फोन लावते."

त्यांनी फोन उचलला. माझ्या गप्प बसण्याने मेव्हण्याच्या कपाळी काय लिहिले जाणार, ते मला लख्ख दिसले. आणि ही शाई कोणत्याही ब्लेडने निघणारी नव्हती.

"बाई, फोन ठेवा," मी म्हणालो. "ते मी पुसले. गुरुवारी, एक वाजून वीस मिनिटांनी. टोपलीसुद्धा मीच रिकामी केली."

फोन हळूहळू खाली गेला. मी सर्व सांगितले, पाटी आणि दवाखान्यासह.

"सव्वीस वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या, "मीच तुम्हाला शाबासकी देत आले त्या टोपलीबद्दल." मग फर्स्टक्लासला म्हणाल्या, "माझं चुकलं. त्यांनी विचारलंच तर चांगलंच सांगेन." आणि मला, "आजपासून तुम्ही कागद हवे तेवढे फाडा. काँप्युटरला शिवायचं नाही."

तो हुकूम मी आजतागायत पाळीत आहे. फर्स्टक्लास समोर बसतो. त्याची खिडकी आमच्या खिडकीपुढेच आहे. पहिले काही दिवस त्याने इकडे पाहिले नाही. गेल्या आठवड्यात मी टोपली रिकामी करावयास निघालो असता तो खिडकीत आला आणि दोन्ही हातांनी खुणावू लागला: आधी आत काय आहे ते बघा! मी थांबलो, टोपलीत डोकावून पाहिले, आणि त्याला हात वर करून दाखवला.

येथवर ज्यांनी वाचले, त्यांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
ब्लेडमास्तर