मुलांसमोर दिलेला शब्द

"दुखेल," सिस्टर म्हणाली.

खाटेवरच्या मुलाने झटकन हात मागे घेतला. त्याच्या आईने सिस्टरकडे असं पाहिलं, जणू पोराचा ताप तिनेच आणला होता.

"अहो, काय हे? मी मघापासून समजावतेय त्याला, मुंगी चावल्यासारखं होईल म्हणून."

"मुंगी नाही, सुई आहे. त्याला दिसतेय की ती." सिस्टर खाटेपाशी वाकली. "हे बघ, दुखेल, पण थोडाच वेळ. तू थांब म्हणालास की मी थांबेन. फक्त मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल. बोल, कसं करू या?"

मुलाने जरा विचार केला. "एकदाच करून टाका."

तो रडला, पण हात त्याने हलवला नाही.

मुलांच्या वॉर्डात नोकरी करता करता सिस्टरचे केस पिकायला आले होते. तिथे तिचं नावच पडलं होतं, दुखेलबाई. डॉक्टरसुद्धा तिच्या पाठीमागे तेच म्हणत. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याने एकदा चेष्टेने विचारलं होतं, "लग्नाच्या वेळी तुला कोणी सांगितलं नाही का गं, दुखेल म्हणून?"

"सांगितलं होतं ना. मी म्हटलं, एकदाच करून टाका."

रविवारी हीच बाई चर्चमागच्या खोलीत मुलांचा वर्ग घ्यायची. पाळकसाहेबांनी तो थोड्या दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे सोपवला होता आणि ते थोडे दिवस काही केल्या संपले नव्हते. ती गोष्टी सांगे, गाणी म्हणवून घेई, पण तिचा सगळा हट्ट एकाच गोष्टीचा. खरं बोलायचं आणि बोललेलं करायचं. पुढच्या रविवारी रंगीत खडू आणते म्हणाली, की अंगात कणकण असली तरी ती खडू घेऊन हजर.

"कशाला एवढं? पोरं विसरलीसुद्धा असतील," नवरा म्हणे.

"देव दिलेला शब्द पाळतो, असं मी त्यांना शिकवते. पण मुलांना देव कुठे दिसतो? त्यांना आपण दिसतो. आपण शब्द मोडला, की त्यांना वाटणार, त्याचंही असंच असेल."

नवरा भिंग डोळ्याला लावून पुन्हा घड्याळात डोकं घाली.

त्या रविवारी उपासनेची सुरुवातच फसली. चर्चमध्ये ऑर्गनच्या वर, भिंतीवर एक फळी होती. त्या दिवशी गायच्या गीतांचे आकडे तिच्यावर लावलेले असत. मंडळी उभी राहिली, फळीवरचा आकडा पाहून सगळ्यांनी पुस्तकं उघडली आणि निम्म्या लोकांनी अंत्यविधीचं गीत सुरू केलं. उरलेले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?" तेवढ्यात ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी झाकण उघडलं आणि हात वर उचलले. मधल्या काही पट्ट्या दबून आत बसल्या होत्या आणि एक तर मोडून लोंबत होती.

तो ऑर्गन म्हणजे अध्यक्षांचा जीव. चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते. ऑर्गन त्यांच्या आईचा. ती गेल्यावर त्यांनी तो चर्चला दिला होता, आणि तरीही दर रविवारी उपासनेनंतर थांबून ते स्वतःच्या रुमालाने तो पुसत. त्या दिवशी त्यांनी मोडकी पट्टी काढून हातात घेतली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. सिस्टरला त्यांच्याकडे पाहून वाईट वाटलं.

उपासना संपल्यावर ते वर्गाच्या दाराशी आले.

"काल मुलं गाण्याच्या सरावाला आली होती. त्यांच्यातल्याच कोणाचं तरी काम आहे हे. तुमचं ऐकतात ती, सिस्टर. प्रेमाने विचारा. खरं सांगितलं तर काही होणार नाही म्हणा."

"खरंच काही होणार नाही?"

"नाही हो."

"मग तुम्हीच म्हणा मुलांसमोर. वस्तू तुमच्या आईची आहे."

अध्यक्ष आत आले. सतरंजीवर बसलेली मुलं चिडीचूप झाली. "हे बघा बाळांनो," ते म्हणाले, "ज्याने केलं असेल त्याने सिस्टरना खरं काय ते सांगायचं. त्याला शिक्षा होणार नाही. त्याच्या घरच्यांनाही कोणी बोल लावणार नाही. माझा शब्द आहे."

"माझाही," सिस्टर म्हणाली. "आणि नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. सांगायचं तर ज्याचं त्याने सांगायचं."

अध्यक्षांनी मान डोलावली.

वर्ग सुटला. सिस्टर सतरंजी गुंडाळत असताना काडी परत आली. ही चर्चच्या राखणदाराची मुलगी. अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे तिला काडी म्हणत. तिचा बाप चर्च झाडायचा, घंटा वाजवायचा, दारं उघडायचा, आणि त्याबद्दल चर्चच्याच आवारातली एक खोली त्यांना राहायला मिळाली होती. बापाची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर, दोन्ही कमिटीच्या हातात.

"सिस्टर, ते पहाटेचं गाणं आहे ना, ते मला खूप आवडतं."

"बरं, मग?"

"ते कधीच लावत नाहीत. म्हणून मी आकडे बदलायला चढले. शेवटचा आकडा लावायच्या आत पाय सटकला."

अंत्यविधीचं गीत कुठून आलं ते आता सिस्टरला कळलं. तिने हसू महत्प्रयासाने गिळलं. "उभी कशावर होतीस?"

"त्या पांढऱ्या पट्ट्यांवर." काडीचे ओठ थरथरू लागले. "बाबांना काढून टाकतील?"

"शब्द दिलाय त्यांनी."

"मोठी माणसं देतात की," काडी म्हणाली. तिच्या बोलण्यात रागरुसवा नव्हता. रोजची गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं, आणि तेच सिस्टरला लागलं.

"मी दिलाय ना? तुला वाटेल तेव्हा तू जाऊन अध्यक्षांना सांग. म्हणशील तर मी बरोबर येईन. तोवर मी कोणाला सांगणार नाही."

कमिटी त्याच दुपारी बसली. टेबलापाशी अध्यक्ष, पाळकसाहेब आणि आणखी दोघे होते. सिस्टरला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

"मुलाने खरं सांगितलं," ती म्हणाली. "मुद्दाम मोडलेलं नाही. वाईटही वाटलंय."

"कोणाचं मूल?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाव कशाला हवंय?"

"कशाला म्हणजे? आईबापांना बोलवायला नको? मंडळीपुढे उभं करायला नको?"

"शिक्षा होणार नाही म्हणालात तुम्ही. घरच्यांना बोल लावणार नाही म्हणालात."

अध्यक्ष समजुतीने हसले. "अहो सिस्टर, मुलांना असं म्हणायचंच असतं. नाहीतर बोलतात का ती?"

वॉर्डात आयाबाया रोज हेच म्हणत, आणि रोज ती ते शांतपणे खोडून काढत असे. इथे मात्र तिला शांत राहवेना.

"मी नाही म्हणत असं. मी त्यांना जे सांगते ते तसंच असतं."

"म्हणजे खरेपणा शिकवणार तुम्ही, आणि सत्य लपवणारही तुम्हीच? हे प्रभूला चालतं का?"

"मी काहीही लपवत नाही. नाव मला माहीत आहे, आणि मी ते तुम्हाला सांगणार नाही. हे मी तुमच्या तोंडावर सांगतेय. यात खोटं काय आहे ते दाखवा."

पाळकसाहेब भला माणूस. भांडण त्यांना नको असायचं. "सिस्टर," ते मऊ आवाजात म्हणाले, "नुसतं नाव सांगा ना. आम्ही चौघांतच ठेवू."

"चौघांना सांगितलं तर एवढंच होईल, की मी एकटीने मोडण्याऐवजी आपण पाच जणांनी मिळून शब्द मोडला."

"तो भोपू असणार," कमिटीतल्या एकाने मध्येच तोंड घातलं. भोपू म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा आणि सगळ्यात जास्त ओरडा खाणारा मुलगा. "दुसरं कोण असणार? बोलवा त्याच्या बापाला."

"तो नाही," सिस्टर म्हणाली. "त्याच्यावर आळ येऊ देणार नाही, म्हणून एवढं सांगते. आता तुम्ही एकेकाचं नाव घेऊन विचाराल. विचारा. मी तोंड उघडणार नाही."

अध्यक्ष उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझी आई रोज तो वाजवायची, सिस्टर. तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं. तुमच्या आईसाठी वाईट वाटतं. पण त्या मुलांसमोर शब्द तुम्ही दिलात, तो काही तुमच्या आईने दिला नव्हता."

पुढच्या रविवारपासून वर्ग अध्यक्षांच्या सुनेकडे गेला.

"सुटलीस," नवरा म्हणाला. "आता रविवारी जरा झोपत जा." तरीही पुढच्या रविवारी ती तयार होऊन चपला घालू लागली, तेव्हा तो दारात आडवा आला. "अगं, उपासना झाली की घरी ये ना. वर्गाच्या वेळी तिथे थांबून काय करणार?"

"मी मुलांना सांगितलं होतं, दर रविवारी येईन. वर्ग काढून घेतला त्यांनी. माझं येणं कोण काढून घेणार?"

"लोक हसतील."

"हसू देत."

ती गेली आणि उपासना संपल्यावर वर्गाच्या खोलीबाहेर पायरीवर बसली. मुलं आत जाताना तिच्याकडे पाहत. ती त्यांच्याकडे पाहून मान हलवी. आत गाणी सुरू होत, ती बाहेर बसून ऐके. कोणाशी भांडली नाही, कोणाला थांबवून बाजू मांडत बसली नाही. वर्ग सुटला की उठून घरी जाई. पुढच्या रविवारी तेच. बायका म्हणाल्या, हट्टीपणाची कमाल आहे. काही लोक तिच्या बाजूने उसासे टाकत, पण उसासे टाकून आपापल्या घरी जात. सुनेने एकदा खिडकी लावून घेतली, म्हणे उन्हाची तिरीप येते. त्या खिडकीत ऊन कधी येतच नव्हतं.

पायरी दगडी होती आणि वॉर्डातल्या उभ्या ड्यूटीने सिस्टरचे गुडघे आधीच बोलत असत. एका रविवारी तिला पायरीवरून चटकन उठता येईना. भिंतीला धरून ती कशीबशी उभी राहिली. हे काडीने पाहिलं.

त्याच्या पुढच्या रविवारी उपासना नुकतीच सुटली होती. माणसं आवारात घोळक्याने उभी होती, मुलं वर्गात निघाली होती. तेवढ्यात राखणदाराच्या खोलीतून काडी बाहेर आली. तिने एक लाकडी खुर्ची ओढत आणली होती. खुर्ची तिच्यापेक्षा जड. फरशीवर तिचा असा काही आवाज झाला, की बोलणारे सगळे गप्प झाले. काडी अर्ध्यावर थांबली, दम घेतला आणि पुन्हा ओढू लागली. पायरीशेजारी खुर्ची ठेवून ती सिस्टरला म्हणाली, "यावर बसा."

अध्यक्ष जवळच उभे होते. "कोणी सांगितलं गं तुला हे?"

"कोणी नाही. खुर्ची मीच आणली." काडीने फ्रॉकला हात पुसले. "ऑर्गनवर पण मीच चढले होते. गाण्याचे आकडे बदलायला. पट्ट्या माझ्या पायाखाली मोडल्या."

चर्चच्या दारात तिचा बाप हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. त्याला हे आत्ताच कळत होतं. तो चालत येऊन मुलीच्या मागे उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सिस्टर उठली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तरी ती सरळ उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, हिने तिचं काम केलं. आता तुमचं राहिलंय. ही सगळी मुलं त्या दिवशी वर्गात होती."

मुलं खरोखरच तिथे होती. वर्गात जायचं विसरून ती अध्यक्षांकडे टक लावून पाहत होती. भोपूसुद्धा कधी नव्हे तो गप्प होता. अध्यक्षांनी राखणदाराकडे पाहिलं, मग मंडळीकडे, आणि शेवटी नाइलाजाने मुलांकडे.

"शब्द दिला होता मी," ते म्हणाले. मग थोडं थांबून, जड आवाजात, "ठीक आहे. तिला कोणी काही बोलायचं नाही. तिच्या बापालाही नाही. जा रे, वर्गात जा."

मुलं पळाली. काडी मात्र गेली नाही. ती अध्यक्षांच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या आईचा होता तो ऑर्गन. मला वाईट वाटतं." अध्यक्षांनी काय उत्तर दिलं ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला होता, एवढं सिस्टरने पाहिलं. मग तो हात त्यांनी तसाच खाली घेतला आणि रुमाल शोधू लागले.

गर्दी पांगल्यावर ते सिस्टरपाशी आले. "सगळ्यांसमोर अडकवलंत मला."

"मी नाही अडकवलं. तुम्ही बोललात, मी फक्त विसरले नाही."

"वर्ग तुम्हाला परत मिळणार नाही."

"मी मागितला कुठे?"

राखणदाराची नोकरी राहिली, खोलीही राहिली. वर्ग मात्र सुनेकडेच राहिला आणि सिस्टरला कोणी पुन्हा बोलावलं नाही. पाळकसाहेब भेटले की तिची आणि नवऱ्याची चौकशी करत आणि घाईघाईने दुसरा विषय काढत. तिला वर्गाची आठवण येई. वॉर्डात एखादं मूल प्रश्न विचारू लागलं, की तिच्या मनात येई, हे रविवारी वर्गात सांगायला हवं, आणि मग आठवे.

रविवारी ती येतच राहिली. खुर्चीवर बसे, मांडीवर पवित्र शास्त्र असे, बहुतेक वेळा मिटलेलं. आतून मुलांचा आवाज येई. एखादं मूल गाण्याचे शब्द चुकलं, तर ती बाहेर बसल्या बसल्या ओठांतल्या ओठांत बरोबर शब्द म्हणे. ऊन अंगावर आलं, की ती उठून खुर्ची थोडी बाजूला सरकवी आणि पुन्हा बसे.