कडब्याच्या गंजीमागचा माणूस

माझा आज्जा धोंडप्पा सिनेमात होता, पण दिसत नव्हता. एवढं सांगितलं की आमच्या ईट गावची माणसं हसायची. नव्वद वर्षं हसली.

सिनेमा नुकताच बोलायला लागला होता तेव्हाची गोष्ट. तमाशाच्या फडावरच बोलपट काढला होता. फडाची मालकीण, तिला सोडून शहरात जाणारी तिची बहीण, असलं काहीतरी. तेव्हा आवाज मागून भरायची सोय नव्हती. एकच माईक. बाईनं गायचं, पेटी, ढोलकी वाजायची, सगळं एका दमात. ढोलकी बाईचा आवाज खाते म्हणून आज्ज्याला चाळीस पावलं लांब, कडब्याच्या गंजीमागं बसवलं. बाईच्या बांगड्या काढून ठेवल्या. कावळा ओरडला की पुन्हा पहिल्यापासून.

एक लावणी अकरा वेळा घेतली. चार वेळा कावळ्यानं घाण केली, बाकीच्या आज्ज्यानं. लावणी संपताना तो शेवटची थाप मारायचा नाही. ती गुरूची. गुरू नळदुर्गचा सिद्रामप्पा. तो वारल्यापासून आज्जा त्या जागी हात उचलून कपाळाला लावायचा. डायरेक्टर वैतागून म्हणाला, थाप राहिली. आज्जा म्हणाला, "राहिली न्हाय, ठेवली." शेवटी कच्ची फिल्म संपत आली म्हणून तसंच घेतलं, आणि पुढची दोन गाणीही तशीच.

हे मला आईनं सांगितलं. नागूबाई, धोंडप्पाची एकुलती लेक. अठ्ठ्याऐंशी वय, एका कानानं ऐकू येतं. तो कानही चाललाय.

गेल्या वर्षी कुठल्याशा बंद पडलेल्या थेटरातल्या पेटीत त्या बोलपटाची रिळं सापडली. एका संस्थेनं ती धुऊनपुसून नीट केली. पेपरात वाचून मी तीन पत्रं घातली. तिसऱ्याला उत्तर आलं: तुमच्या तालुक्याला, भूमला, खेळ लावतोय, आईंना आणा, त्यांनी हात ओळखला तर धोंडप्पांचं नाव पडद्यावर घालू. आईनं ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. मग म्हणाली, कान हाय तंवर चल.

मंगल कार्यालयात दुपारी दोनचा खेळ चारला सुरू झाला, कारण पुढारी यायचे होते. आई पहिल्या रांगेत, चांगला कान स्पीकरकडं करून. पडद्यावर खरखर, पांढऱ्या रेघा. मग ती बाई गायला लागली आणि मागं, कुठूनतरी लांबून, ढोलकी. आईची बोटं मांडीवर चालायला लागली. एक बोटही चुकलं नाही. लावणी संपत आली तसा तिचा हात मांडीवरून उठून कपाळाकडं निघाला.

आणि स्पीकरमधून थाप पडली. खणखणीत.

आईचा हात तिथंच थांबला. दुसऱ्या गाण्यालाही थाप. तिसऱ्यालाही.

"ह्यो माझा बाप न्हाय," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्या रांगेला ऐकू गेलं.

तिच्यासाठी शाल-नारळ तयार होता. तिनं दुसऱ्याची शाल घेणार नाही म्हणून सांगितलं. मग पुढाऱ्यानं ती मंगल कार्यालयाच्या मालकाला घातली. आपल्याकडं शाल वाया जात नाही.

संस्थेकडून निकिता नावाची मुलगी आली होती. आईला घेऊन मी तिला जिन्यात गाठलं आणि गुरूच्या थापेचं सांगितलं. पोरीचं तोंड उतरलं. खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, त्या जागी आवाज तुटला होता, रीळ खराब असेल म्हणून आम्ही मागची एक थाप उचलून तिथं बसवली.

"तिन्ही गाण्यांत? बरोब्बर त्याच जागी?"

मग जिन्याच्या पायरीवरच लॅपटॉप उघडून तिनं मूळ आवाज लावला. आईनं कान यंत्राला टेकवला. तेलात काहीतरी तळतंय तशी खरखर, त्यात ढोलकी, आणि शेवटी मोकळी जागा. आईचा हात कपाळाला गेला. तिसऱ्या गाण्यापर्यंत ती रडत होती, पण हात चुकला नाही.

"ह्यो," ती म्हणाली. "ह्योच."

निकितानं साहेबांना फोन लावला. बराच वेळ ती एका कोपऱ्यात बोलत होती. परत आली तेव्हा खाली बघून बोलली. प्रिंट परदेशात महोत्सवाला गेलीय, आता आवाज बदलता येणार नाही. नाव मात्र सुरुवातीला वेगळी पाटी जोडून घालता येईल. "आजी, तुम्ही फक्त हो म्हणा. मी आजच कळवते."

मी म्हणालो, आई, घे. नव्वद वर्षांनी नाव येतंय. ईटच्या तोंडावर मारू.

आईनं पदरानं डोळे पुसले. "त्या थापंवर त्याचं नाव घालता? म्हंजी त्यानं गुरूचं खाल्लं असं जगाला सांगता?"

"आजी, कुणाला कळणार नाही."

"मला कळंल की. नाव नगं, लेकी."

साडेसहाच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मी संस्थेला शिव्या देत होतो. शिकलेली माणसं, मशिनी, पैसा, आणि मोकळी जागा दिसली की भरायची अक्कल. ऐकणारं कुणी नव्हतं, आईचा चांगला कान खिडकीकडं होता. असं मला वाटत होतं.

मी लग्नाच्या वरातीत ढोलकी वाजवतो. वीस वर्षं झाली. बँडवाल्यांच्या मागं असतो, आणि गाणं संपताना शेवटची थाप मारतो. नाही मारली तर लोक म्हणतात चुकला, पुढच्या लग्नाला बोलावत नाहीत.

गाव जवळ आलं तेव्हा आई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "त्या पोरीला कशाला बोलतूस बब्रुवान. तिला ठावं नव्हतं."

मला ठाऊक होतं.