भरीव झाडं

जंगलातल्या वाटेवर कोसळतील अशी पोकळ झाडं हुडकणं, हे बाबांचं काम. लाकडी हातोडीने खोडावर ठोकायचं आणि कान द्यायचा. आवाज खणखणीत आला की पुढे चालायचं, बद्द आला की खडूने फुली मारायची. फुली मारणाऱ्याने पाडणी बघायला जायचं नाही, अशी या कामातली जुनी रीत. पुढच्या वेळी हात कचरतो म्हणे. बाबांनी ती इमानेइतबारे पाळली आणि तिथेच घात झाला.

गेल्या वर्षी लेक त्यांच्या हाताखाली आली. करवतवाल्यांबरोबर पाडणीला तीच जाई.

त्या सकाळी जंगल धुक्यात गप्प होतं. मग वारा सुटला, शेंड्यांवर ऊन आलं, आणि दोघं सगळ्यात जुन्या झाडापाशी पोचली तोवर पुन्हा अंधारून आलं. जंगलाची लहर अशी घडीघडीला फिरायची. झाडं मात्र यांचे खापरपणजे जन्मायच्या आधीपासून तिथेच उभी होती.

बाबांनी ठोकलं, कान दिला, खिशातून खडू काढला. लेकीने त्यांचं मनगट धरलं. अलीकडे ती त्यांच्याशी मोठ्यानेच बोले.

"बाबा, हे भरीव आहे."

बाबांचं डोकंच फिरलं. कालची पोर मला शिकवणार! त्यांनी हातोडी तिच्या हातात कोंबली आणि ठोक म्हणाले. तिने ठोकलं. बाबांना पुन्हा बद्दच ऐकू आलं. वरून पाखरं उडाली. बाबांना पंख दिसले, फडफड ऐकू आली नाही. पाखरं तर कितीतरी दिवसांत ऐकू आली नव्हती. वय झालं तसं जंगल शांत वाटू लागलंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

"गेल्या वर्षी पाडलेली?" त्यांनी विचारलं.

लेकीने मान खाली घातली. "तीन भरीव निघाली."

"बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे जीभच रेटेना."

दाखव म्हणाले. जन्मात पहिल्यांदा रीत मोडून ते तिच्यामागे गेले. पहिला बुडखा आतपर्यंत धडधाकट होता, सुई शिरेल एवढीही भेग नव्हती. बाबा खाली बसून त्यावर हात फिरवत राहिले. माणसाचं वाईट केलं असतं तर घरी जाऊन पाय धरले असते. इथे कोणाचे धरायचे? भोवतीची झाडं होती तशीच उभी होती. ती रागावलीसुद्धा नव्हती, याचंच बाबांना रडू आलं.

"बाकीची दोन कुठे आहेत?"

"लांब आहेत, बाबा. उद्या जाऊ."

"आजच," बाबा म्हणाले, आणि उठायला त्यांनी तिचा हात मागितला.