खूण डावीकडे आहे

"झोपा सगळे! पाठीवर! डोकी खाली, हात आत!"

बाबांनी हुकूम सोडला आणि नऊ प्रवासी बोटीच्या तळाशी दाटीवाटीनं आडवे झाले. थेसालोनिकीचे दंतवैद्य अरिस्तीदिस मात्र कोपरांवर उठून गुहेच्या तोंडाकडे बघत होते.

"कपितान, मी मावेन का यात?"

"तुम्ही मावाल हो. पोट तेवढं बंदरावर ठेवून यायचं होतं."

"तीस वर्षं मी तेच सांगतेय," त्यांची बायको फोतिनी खालूनच म्हणाली. "आडवे व्हा मुकाट्यानं."

सगळे हसले. या जागी बाबा लोकांना हसवतातच, कारण इथेच लोक घाबरतात. निळ्या गुहेचं तोंड म्हणजे कड्यातली एक फट आहे. समुद्र शांत असला तरी पाण्यापासून छतापर्यंत जेमतेम एक मीटर. वारा आणि हवेचा दाब बदलला की पाणी वीतभर वर-खाली होतं, आणि सगळं त्या वितीवर ठरतं. म्हणून तोंडाशी खडकावर चुन्याचा पट्टा ओढलेला असतो. ईस्टरच्या आधी घरांना लावून उरलेला चुना नावाडी तिथं नेतात. दोन लाटांच्या मध्ये पट्टा उघडा पडला तर आत जायचं, नाहीतर परत फिरायचं. पण प्रवाशांना आडवं करून मग परत फिरलेला कपितान उन्हाळाभर कॉफीच्या दुकानात चेष्टेचा विषय होतो. त्याच्या बोटीवर दुसऱ्या दिवशी कोणी चढत नाही. बाबांवर एक्केचाळीस वर्षांत ती वेळ आली नव्हती.

मी बोटीच्या टोकाशी उभी होते. माझ्याकडे समुद्रविज्ञानाची पदवी होती आणि या हिवाळ्यात मिळालेला कपितानचा परवाना. बाबांच्या लेखी दोन्ही कागदच.

"खूण दिसते का?" मी विचारलं. पुढच्यानं विचारायचं आणि सुकाणूवरच्यानं सांगायचं, अशी पद्धत आहे.

"दिसते की. उजवीकडे, पांढरीशुभ्र. चार बोटं वर आहे."

मी उजवीकडे बघितलं. तिथं नुसता फुटलेला तांबूस खडक होता. रविवारच्या वादळात तो तुकडाच पट्ट्यासकट कोसळला होता. मंगळवारी तीन नावाड्यांनी येऊन डाव्या बाजूला नवा पट्टा ओढला, तेव्हा चुन्याची बादली मीच धरली होती. त्या दिवशी बाबा रोड्स बेटावर गेले होते, दाढ काढायला म्हणून. आल्यावर मी त्यांना पट्ट्याचं काही सांगितलं नाही. समोर दिसणारी गोष्ट काय सांगायची? त्याच संध्याकाळी ते अंगणात बसून दातांनी बदाम फोडत होते, हे मला आत्ता आठवलं.

प्रवाशांच्या पायांमधून वाट काढत मी मागे गेले.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "खूण डावीकडे आहे. मंगळवारपासून."

त्यांनी तोंड वळवलं नाही. "आणि उजवीकडे?"

"उजवीकडे काहीच नाही."

लाटेनं बोट उचलली आणि खाली ठेवली. बाबांचा हात सुकाणूवर तसाच होता.

"नजरेतलं मधलं जातंय म्हणाला रोड्सचा डॉक्टर," ते म्हणाले. "कडेचं राहील."

"कोणाला सांगितलंत?"

"आत्ता तुला."

"काय कुजबुज चाललीय?" फोतिनीबाईंनी खालून विचारलं. "गुहा बंद झाली की काय?"

"हुंड्याचं ठरतंय, बाई!" बाबा मोठ्यानं म्हणाले. "पोरगी बोटच मागतेय!"

पुन्हा हशा झाला. त्या हशाखाली मी विचारलं, "परत फिरायचं?"

"पट्टा उघडा पडतोय का?"

मी दोन लाटा नीट बघितल्या. "पडतोय. तीन बोटं. मोठ्या लाटांना झाकला जातो, पण मध्ये पुरेसा वेळ मिळतो."

"मग परत कशाला फिरायचं?"

त्यांनी सुकाणूवरचा हात काढला. टोपी काढून घडी केली आणि खिशात ठेवली.

"मंडळी, आज माझी मुलगी सेवास्ती नेणार. डॉक्टर, सरका जरा."

"म्हणजे? तुम्हीच झोपलात तर—"

"तर तुम्हाला जास्त चांगला कपितान मिळाला. आणि ते कोपर काढा माझ्या बरगडीतून."

बोलता बोलता बाबा दंतवैद्यांच्या शेजारी पाठीवर आडवे झाले होते. मी सुकाणू धरलं. दोन लाटांत साधारण आठ सेकंदांचं अंतर होतं. तीन मोठ्या यायच्या, मग चार-पाच लहान. रिकाम्या बोटीवर शिकवताना बाबा माझ्या मागून 'आता' म्हणायचे. मी म्हणायच्या नेमका अर्धा क्षण आधी. मी त्या शब्दाची वाट बघत होते. बाबा लाटांकडे कान देऊन ऐकत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं.

पहिली मोठी गेली. दुसरी. तिसरी गुहेत शिरून आतून घुमली आणि परत आली. डावीकडे ओला पांढरा पट्टा वर निघाला.

"आता," मी म्हटलं.

वेग दिला, इंजिन बंद केलं, वाकले. खडक माझ्या पाठीवरून बोटभर अंतरानं गेला. क्षणभर काळोख आणि मग सगळीकडे निळं.

"उठा."

लोक उठून बसले आणि बोटीच्या कडांवरून वाकले. इथं उजेड पाण्यातून वर येतो, म्हणून सगळे खालीच बघतात. अरिस्तीदिसांनी हात बुडवून बायकोला निळी बोटं दाखवली. तिनं बाहीनं डोळे पुसले.

बाबा उठले नाहीत. सुकाणूवरच्या माणसाला पाणी सोडून दुसरीकडे बघता येत नाही. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी या गुहेचं छत पाहिलंच नव्हतं. त्यांनी मान एका बाजूला वळवली, अगदी भिंतीकडे तोंड केलं, आणि छत डोळ्याच्या कडेला आणलं.

"अगं," ते म्हणाले, "केवढं उंच आहे हे."